सूज आतड्याला, बोल मनाला

कोलंबियाच्या वायव्येकडच्या जंगलात एक चिमुकले माकड राहते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचा तुरा. कॉटन-टॉप टॅमरिन हे त्याचे नाव. अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांमध्ये या माकडांच्या वसाहती पाळल्या गेल्या, तेव्हा तिथल्या पशुवैद्यांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. पिंजऱ्यातल्या माकडांना जुलाब लागत, ती खंगत जात. मेल्यावर तपासले तर मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण असत, आणि पुष्कळांना आतड्याचा कर्करोगही झालेला असे. माणसाला होणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी हे चित्र फार जवळून जुळत होते. मग संशोधकांनी कोलंबियातल्या रानातल्या माकडांच्या आतड्यांचे नमुने तपासले. तिथे हा आजार दिसला नाही.

पिंजऱ्याने आजार दिला, असे चटकन म्हणावेसे वाटते. पण पिंजऱ्यात एकच गोष्ट बदलत नाही. हवेतली ऊब, अन्न, जंतू, सोबत, धोका दिसताच झाडावर निसटून जाण्याची सोय, सगळेच बदलते. या माकडांवर बरीच वर्षे काम केलेल्या एका गटाने २००० मध्ये असे मत मांडले की आजाराची सुरुवात भोवतालच्या ताणाने होते, पण तो टिकून राहतो तो आतड्यातल्या मळातल्या घटकांमुळे. हे दोन भागांचे उत्तर मला महत्त्वाचे वाटते, कारण माणसांच्या बाबतीत यातला एकच भाग उचलून जवळपास शंभर वर्षे बोलले गेले आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दीर्घकालीन सुजेचे (इंग्रजीत आयबीडी) दोन मुख्य आजार. पहिल्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात. दुसऱ्यात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत सूज येऊ शकते. पोटात कळ येते, दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला धावावे लागते, रक्त आणि आव पडते, वजन उतरते, अंगातले रक्त कमी होते. काही महिने सारे शांत असते, मग आजार पुन्हा उसळतो. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आयबीएस) हे वेगळे दुखणे. त्यात त्रास खरा असतो, पण आतड्यात सूज किंवा व्रण नसतात. नावे सारखी वाटत असल्याने या दोहोंची गल्लत रोज होते, आणि तिचा भुर्दंड रुग्ण भरतो.

आपल्याकडे असा आजार झालेल्या माणसाला सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य कोणते, हे कोणत्याही रुग्णाला विचारा. ‘टेन्शन घेऊ नका.’ डॉक्टर म्हणतात, शेजारी म्हणतात, फोनवर मावशी म्हणते, ‘तू ना, फार विचार करतेस गं, म्हणून होतंय हे.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणारीला मात्र त्यातून वेगळेच कळते, की आतड्यातून रक्त येते आहे ते तिच्या स्वभावामुळे.

हा समज नुसत्या घरगुती गप्पांतून आलेला नाही. तो एके काळी वैद्यकशास्त्रानेच शिकवला. १९३० मध्ये सेसिल मरे या अमेरिकी डॉक्टरने अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या मुळाशी मानसिक कारणे आहेत असे मांडले. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी दमा, संधिवात, उच्च रक्तदाब, पोटातला अल्सर अशा सात आजारांची एक यादी मांडली. त्यांच्या मते हे आजार मनातल्या दडपलेल्या संघर्षातून उपजतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस त्या यादीत होता. पुढची कित्येक वर्षे या रुग्णांचा ‘स्वभाव’ शोधण्यात गेली: परावलंबी, आईला चिकटलेले, राग गिळणारे, टापटिपीचे वेड असलेले. रुग्णाच्या आईवरही त्यातून पुष्कळ ठपके आले.

१९९० मध्ये कॅरोल नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे १३८ अभ्यास पुन्हा तपासले. तुलनेला निरोगी गट नाही, निदानाचे निकष नाहीत, मुलाखत घेणाऱ्याला आजार आधीच ठाऊक, अशा त्रुटी ठायीठायी होत्या. मन आणि कोलायटिस यांचा घट्ट संबंध दिसत होता तो अशा कच्च्या अभ्यासांत. काटेकोरपणे केलेल्या मोजक्या अभ्यासांत तो दिसत नव्हता. त्यानंतर डेन्मार्कमधून आणखी ठोस पुरावा आला. त्या देशात प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद असते. तिच्या आधारे मूल दगावलेल्या वीस हजारांहून अधिक आईवडिलांची पुढची अनेक वर्षे तपासली गेली. मूल जाण्यापेक्षा मोठा आघात कोणता? तरी या आईवडिलांमध्ये आतड्याच्या सुजेच्या आजारांचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले आढळले नाही. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मावश्या, काका आणि डॉक्टर अजून ‘विचार करून करून आजार ओढवून घेतलास’ म्हणतात, त्यांच्यापर्यंत तो पोहोचायला हवा.

म्हणजे ताणाचा काहीच हात नाही? तसेही नाही. आजार कशाने सुरू होतो हा एक प्रश्न आणि असलेला आजार कशाने उसळतो हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर वेगळे येते. सुझन लेव्हनस्टाइन यांनी रोममध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ६२ रुग्णांना ते बरे असतानाच नोंदवून घेतले आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. गेल्या महिनाभरातल्या ताणाचा आजार उसळण्याशी संबंध दिसला नाही. गेली एक-दोन वर्षे आपण सतत दडपणाखाली आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांचा आजार उसळण्याचा धोका मात्र जवळपास तिप्पट होता. परीक्षा, भांडण, लग्नघाई अशा चार दिवसांच्या धावपळीला आतडे बहुधा निभावून नेते. मोजावा लागतो तो न संपणारा ताण. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात शेकडो रुग्णांवर असेच काम झाले. तिथे वेदनाशामक गोळ्या, प्रतिजैविके, संसर्ग हे सगळे पडताळून पाहिले, पण लक्षणे उसळण्याशी जोडलेला दिसला तो रुग्णाला जाणवणारा ताण.

‘जाणवणारा’ हा शब्द इथे नीट वाचायला हवा. मोजमाप घटनांचे नव्हते, त्या घटना माणसाला किती आवाक्याबाहेर वाटतात याचे होते. ताण मोजायच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत हेच विचारलेले असते: गेल्या महिन्यात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असे किती वेळा वाटले? अडचणींचा ढीग आवरता येणार नाही असे किती वेळा वाटले? ताणाच्या आत नियंत्रणाचा प्रश्न आधीपासूनच बसलेला आहे.

मॅनिटोबाच्याच पुढच्या एका अभ्यासाने यात आणखी एक पदर उलगडला. या वेळी संशोधकांनी रुग्णांच्या विष्ठेतले कॅल्प्रोटेक्टिनही मोजले. हे पांढऱ्या पेशींमधले प्रथिन, आतड्यात सूज असली की विष्ठेत वाढते. ताण जास्त असलेल्यांना लक्षणे जास्त होती, पण त्यांची सूज जास्त असतेच असे दिसले नाही. म्हणजे ताणामुळे पोट दुखते, घाई लागते, जुलाब होतात, आणि हे सगळे सूज न वाढताही होऊ शकते. १९४०च्या दशकाच्या अखेरीला थॉमस आल्मी यांनी केलेला एक प्रयोग इथे आठवतो, आणि आठवून अंगावर काटाही येतो. एका निरोगी वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहत असताना, त्याला ऐकू जाईल असे, आत कर्करोग सापडल्याचे नाटक केले गेले. त्याचे आतडे तत्क्षणी आवळले गेले. खरे सांगितल्यावर ते सैल झाले. असा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती होऊ देणार नाही. भीती आतड्याच्या स्नायूंपर्यंत किती वेगाने जाते हे मात्र त्याने दाखवले.

सुजेपर्यंतची वाट याहून लांबची आहे, आणि तिच्यात एक कोडे आहे. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. कॉर्टिसोल सूज दाबते. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये २१० रुग्णांच्या चाचणीत कॉर्टिसोन वापरून पाहिले आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या तीव्र झटक्यात ते जीव वाचवते हे सिद्ध केले. आजही झटका आला की प्रेडनिसोलोन दिले जाते, ते याच कुळातले. मग शरीर ताणात स्वतःच असे औषध तयार करत असताना आजार वाढावा कसा?

याचे एक उत्तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिले. हे संप्रेरक थोडा वेळ वाढले तर सूज दबते. ते दीर्घकाळ चढेच राहिले तर आतड्याच्या भिंतीतल्या चेतासंस्थेवर त्याचा उलटा परिणाम होतो. या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी असतात. दीर्घ ताणात या ग्लिया पेशी असे संदेश सोडू लागतात की सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. दुसरीकडे चेतापेशी अर्धवट वाढलेल्या अवस्थेत अडकतात, आणि आतड्याच्या हालचालीचा ताल बिघडतो. लेव्हनस्टाइन यांना रोममध्ये दीर्घ आणि अल्प ताणात जो फरक दिसला होता, त्याला इथे पेशींच्या पातळीवरचा एक आधार मिळतो.

दुसरी वाट अस्तराच्या गळतीची. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठात निरोगी विद्यार्थ्यांना सर्वांसमोर प्रबंध सादर करताना तपासले. ज्यांचे कॉर्टिसोल लक्षणीय वाढले, त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तरातून एरवी न झिरपणारे रेणू झिरपू लागले. मास्ट या रोगप्रतिकारक पेशींना शांत ठेवणारे औषध आधी दिले, तर हे झिरपणे थांबले. निरोगी माणसात ते तासाभरात आवरत असेल. ज्याच्या अस्तराखाली चिडलेल्या पेशी आधीच टपून आहेत, त्याचे काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

तिसरी वाट साधी, आणि म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ताणात माणसाची झोप जाते, तो गोळ्या चुकवतो. शिकागोमध्ये सुनंदा केन यांनी आजार शांत असलेल्या ९९ रुग्णांवर लक्ष ठेवले. सूज आटोक्यात ठेवणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या नियमित न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून अधिक होता. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणण्याऐवजी ‘गोळ्या चुकतात का, कशामुळे चुकतात?’ असे विचारले तर काहीतरी हाती लागेल.

नियंत्रणाच्या प्रश्नावर थोडे थांबतो, कारण त्याचा इतिहास विलक्षण आहे. १९५८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या केल्या. दोन्ही माकडांना विजेचे सारखेच झटके बसत. एकाच्या हाताशी कळ होती, ती वेळेवर दाबली की झटका दोघांचाही टळे. दुसऱ्याच्या हातात काही नव्हते. कळ असलेल्या माकडांना अल्सर झाले, ती मेली. दुसरी टिकली. जबाबदारीने माणूस मरतो, असा अर्थ जगभर गेला, आणि कारखानदारांच्या अल्सरची चर्चा वर्तमानपत्रांतून रंगली. पण प्रयोगात खोट होती. जी माकडे आधीच्या चाचणीत कळ जास्त वेगाने दाबत, त्यांनाच कळ दिली गेली होती. म्हणजे मुळात जास्त अस्वस्थ असलेली माकडेच त्या बाजूला गेली.

दहा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जे वाइस या संशोधकांनी हाच प्रयोग उंदरांवर केला, या वेळी कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरावे तसे. निकाल उलटा आला. झटके दोघांना तेवढेच बसले. ज्याच्या हातात उपाय होता त्याच्या जठराला कमी व्रण झाले, निरुपाय असलेल्याला जास्त. झटक्याआधी सूचना देणारा आवाज ऐकू आला तरी व्रण कमी होत. उपाय नसला, पण कधी होणार हे कळले, तरी शरीर तेवढे सावरते.

वाइस यांची पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. नुसती धडपड पुरेशी नसते, असे त्यांना दिसले. धडपड केल्यावर ‘जमले, आता सुरक्षित आहे’ असा खुलासा मिळायला हवा. तो खुलासा मिळाला नाही आणि उंदीर धडपडतच राहिला, तर त्याचे व्रण वाढत. जास्त प्रयत्न आणि शून्य उत्तर, ही सर्वांत वाईट स्थिती.

इथे एक सावधगिरी हवी. हे सारे जठराच्या व्रणांबद्दल आहे, आणि माणसाच्या जठरातल्या बहुतांश अल्सरचे कारण पुढे एक जंतू निघाला. वॉरन आणि मार्शल यांनी तो १९८०च्या दशकात ओळखला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ताण हेच एकमेव कारण मानणाऱ्यांना त्या शोधाने गप्प केले, ते बरेच झाले. पण उपाय हातात असणे शरीराला कळते, हा वाइस यांचा निष्कर्ष त्याने खोटा ठरत नाही. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ‘शिकलेली हतबलता’ मांडली होती. २०१६ मध्ये त्यांनीच आपली मांडणी फिरवली. लांबलेल्या त्रासात गळून जाणे हा मेंदूचा मूळ स्वभावच आहे, ते शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते नियंत्रण. आपल्या कृतीने फरक पडतो हे कपाळामागचा मेंदू ओळखतो आणि खोलवरची धोक्याची घंटा बंद करतो. आणि हे तो ओळखतो ते प्रत्यक्ष अनुभवाने. उपदेशाने ते घडत नाही.

आता कोलायटिसच्या रुग्णाकडे या नजरेने पाहा. तो धडपडत असतोच. दूध बंद, गहू बंद, तिखट बंद, कच्चे बंद, मग डाळ बंद, मग बाहेरचे पाणी बंद. कोणी सांगितले म्हणून ताक, कोणी सांगितले म्हणून बेलफळाचा गर. आजार स्वतःच्या चालीने कधी उसळतो, कधी निवतो, त्यामुळे कशाने काय झाले हे कधीच कळत नाही. भात खाल्ला त्या दिवशी बरे वाटले म्हणून महिनाभर भात, आणि तरी रक्त आले. वाइस यांच्या उंदरासारखा तो उत्तर न मिळता कळ दाबत राहतो. पथ्याची यादी लांबत जाते, वजन उतरते, लग्नाच्या पंगतीला जाणे बंद होते. वरून याला शिस्त म्हणतात. आत मात्र सतत पराभव चाललेला असतो. दुसरा धोका औषधाच्या दुकानातून येतो. मागच्या वेळी दिलेल्या स्टिरॉइडची चिठ्ठी दाखवून पुन्हा गोळ्या घेणे, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून आपल्याच मनाने चालू ठेवणे. हेही नियंत्रणच वाटते, आणि हाडे ठिसूळ करते, साखर वाढवते, आतली सूज मात्र उघडी पडत नाही.

खरे नियंत्रण रुग्णाच्या हाती दिले तर काय होते, याचा एक साधा प्रयोग इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपास झाला. तो २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २०३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटातल्या प्रत्येकाबरोबर डॉक्टरने पंधरा ते तीस मिनिटे बसून त्याच्या आजारासाठी लेखी योजना बनवली: उसळी ओळखायची कशी, ओळखली की कोणते औषध किती वाढवायचे, कधी फोन करायचा. ठरलेल्या तारखांच्या फेऱ्या बंद. गरज पडेल तेव्हा थेट यायची मुभा. दुसऱ्या गटाची नेहमीची तपासणी चालू राहिली. पहिल्या गटात उसळीवरचा उपचार सरासरी १४.८ तासांत सुरू झाला, दुसऱ्यात ४९.६ तासांत. रुग्णालयाच्या फेऱ्या दुसऱ्या गटात वर्षाला २.९, तर पहिल्यात ०.९ झाल्या. उसळ्यांच्या संख्येत ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. पण रक्त दिसल्यापासून औषध पोटात जाईपर्यंतचा वेळ दोन दिवसांवरून पंधरा तासांच्या आत आला, आणि त्या वेळात माणूस एकटा, वाट पाहत बसलेला नव्हता. नेदरलँड्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९०९ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना मोबाइलवरून स्वतःची लक्षणे नोंदवत राहण्याची सोय दिली. तिथेही बाह्यरुग्ण विभागातल्या भेटी आणि रुग्णालयात भरती होणे, दोन्ही कमी झाले.

कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी या दृष्टीने फार कामाची आहे. पोट दुखते आहे, पण सूज नाही, हे कळले की औषध वाढवायचे कारण नाही. दुखत नाही, पण सूज वाढते आहे, हे कळले की गाफील राहायचे नाही. वाइस यांच्या उंदराला हवा होता तो खुलासा हाच. चाचणी स्वस्त नाही, आणि लहान गावात नमुना बाहेर पाठवावा लागतो. पण वर्षभर चाललेल्या निरर्थक पथ्यांची किंमत कोणी मोजत नाही, म्हणून ती महाग वाटते.

मनावरच्या थेट उपचारांबद्दल निकाल संमिश्र आहेत. समुपदेशन आणि मनःशांतीच्या तंत्रांनी जगणे सुसह्य होते, आजाराचा मार्ग बदलतो असा पुरावा फारसा नाही. तरी काही छोटी कामे आशा वाढवणारी आहेत. लॉरी कीफर यांच्या २०१३च्या चाचणीत, आतड्याकडे लक्ष नेणाऱ्या संमोहनाच्या सत्रांनंतर वर्षभर ६८ टक्के रुग्णांचा आजार शांत राहिला. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४० टक्के होते. रुग्ण मात्र ५४च. जर्मनीत ७७ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना योग शिकवला, आठवड्यातून एक असे बारा वर्ग, आणि त्यांची जगण्याची प्रत सुधारली. आपल्याकडे योगाचे नाव निघाले की औषध सोडण्याचा सल्लाही मागोमाग येतो. या अभ्यासांनी तसे कुठेही म्हटलेले नाही. आणि आजाराचा मनावरचा भार विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये लीड्सच्या गटाने ४०५ रुग्णांचा दोन वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. ज्यांचा आजार सुरुवातीला जागा होता त्यांना पुढे चिंतेने गाठले, आणि जे सुरुवातीला चिंतेत होते त्यांचा आजार पुढे उसळला. वाट दोन्ही दिशांनी चालू असते.

भारतात हतबलतेला आणखी कारणे आहेत. शौचात रक्त दिसले की बहुतेकांना मूळव्याधच वाटते, आणि मूळव्याधीच्या जाहिरातींनी भिंती भरलेल्या असतात. लहान आतड्याच्या शेवटी व्रण सापडले तर ते क्रोन्स की क्षय, हे ठरवणे इथल्या तज्ज्ञांनाही अवघड जाते. दोन्ही आजार दुर्बिणीत सारखे दिसतात, आणि क्षय आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर असल्याने अनेकांना आधी महिनोन्महिने क्षयाची औषधे घ्यावी लागतात. नाव नसलेल्या आजारावर माणसाला पकड घेता येत नाही.

मग शौचालय. घाई लागल्यावर या रुग्णांच्या हातात काही मिनिटे असतात. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नाही. कर्जत किंवा कसाऱ्याहून येणारी बाई दोन-अडीच तास डब्यात असते. एसटीत तर गाडी थांबवायला सांगावे लागते, तेही बहुतेकदा पुरुष चालक-वाहकाला. २०११ पासून मुंबईत बायकांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम चालवली, ती सार्वजनिक मुताऱ्यांसाठी. कोलायटिसच्या रुग्णासाठी तीच मागणी औषधाइतकी महत्त्वाची आहे. झटक्याआधीच्या आवाजाने उंदराचे व्रण कमी होत असतील, तर पुढच्या स्टेशनवर चालू, स्वच्छ, कुलूप नसलेले शौचालय आहे हे ठाऊक असण्याने माणसाच्या आतड्याला काय मिळेल? मला वाटते, जे मिळेल ते कोणत्याही ‘टेन्शन घेऊ नका’पेक्षा जास्त असेल.

म्हणून पुढच्या भेटीत रुग्णाने एक कागद मागावा आणि डॉक्टरने तो द्यावा. आजार कोणता, मोठ्या आतड्याच्या कुठपर्यंत, शेवटची दुर्बीण तपासणी कधी झाली. रोजची गोळी कोणती, चुकली तर काय. दिवसातून किती वेळा शौचाला जावे लागले, रक्त किती दिवस दिसले की उसळी समजायची, आणि त्या दिवशी काय वाढवायचे. कोणती वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. ताप, पोट फुगणे, सहाहून अधिक रक्ताचे जुलाब यांपैकी काही झाले तर वाट न बघता कुठे जायचे. कॅल्प्रोटेक्टिन कधी करायचे. आणि शनिवारी संध्याकाळी रक्त दिसले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, जो कोणीतरी खरोखर उचलेल.